जबड्याचे वय

पडद्यावरच्या जबड्याकडे मी उभ्या उभ्याच पाहिले, आणि माझ्या तोंडून जे निघाले ते निव्वळ सवयीने निघाले. दंतवैद्यबाई खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून फोनवर कुणाला तरी पुढची वेळ देत होत्या. मागच्या खेपेला त्या म्हणाल्या होत्या, ‘तुमच्या विषयातलं काहीतरी एकदा दाखवायचंय तुम्हाला, मॅडम,’ तेव्हा हे तेच असणार असे मी गृहीत धरले. खालचा जबडा, डाव्या बाजूने टिपलेला. पुढचे काही दात तेवढे जागेवर, आणि सुळ्याच्या मागे उतरत गेलेला, वाऱ्याने घासून काढलेल्या बांधासारखा हाडाचा ओसाड काठ. ‘स्त्री,’ मी म्हणाले. ‘पंचाहत्तरच्या अलीकडची नाही. डावीकडच्या दाढा मृत्यूच्या बऱ्याच आधी गेलेल्या. खोबण्या पार बुजल्यात, वरची कड धारेसारखी झालीय. शेवटची काही वर्षं उजवीकडूनच चावत असणार बाई, आणि तेही नाखुशीने.’ फोन बंद झाला होता. दंतवैद्यबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग पडद्याकडे, आणि आपले मूल चारचौघांत भलते बोलून गेल्यावर आई हसते तसे कसनुसे हसून त्या म्हणाल्या, ‘मॅडम, हे तुमचंच आहे. मघाशी पलीकडच्या खोलीत काढलं ना, ते.’

मी एकसष्ट वर्षांची आहे. निदानात बाकी काही चूक नव्हते: स्त्री बरोबर, डावी बाजू बरोबर, नाखुशी तर फारच बरोबर. वय तेवढे चुकले होते, आणि व्यक्ती अद्याप मेलेली नव्हती. दुसऱ्या कुणाला ही गंमत वाटली असती. मला वाटली नाही, कारण हीच चूक करू नका म्हणून मी विद्यार्थ्यांच्या पिढ्या फैलावर घेत आले आहे. वस्तुसंग्रहालयाच्या तळघरात, ज्या लांबट थंड खोलीत मी माझे आयुष्य काढले, तिथे भिंतभर सपाट खणांची कपाटे आहेत आणि खणाखणांतून, कापसावर निजवलेले, जबडे. नव्या मुलांच्या हातात पहिल्याच दिवशी मी दात गेलेला एक जबडा देत असे आणि वय विचारत असे. मुले तो उलटासुलटा करत, एकमेकांची तोंडे बघत, आणि सत्तर, ऐंशी, असे काहीतरी पुटपुटत. मग मी त्यांना, ज्या सुराबद्दल माझी ख्याती आहे त्या सुरात, सांगत असे की जबड्याचे हाड वयाने झिजते त्याहून फार अधिक बेकारीने झिजते. दात गेला की त्याला धरून ठेवण्याचे काम संपते. आणि काम नसलेले हाड पोसत बसण्याइतके शरीर दयाळू नाही, ते त्याला आतल्या आत परत घेते. तिशीतली बाईसुद्धा असा जबडा मागे ठेवून जाऊ शकते. रिकाम्या जबड्याला वय विचारू नका. दात जाऊन किती काळ लोटला, एवढेच तो सांगेल. मुले हे वाक्य उतरवून घेत. आणि आज, खांद्यावरची पिशवीही खाली न ठेवता, मी त्यांच्यातल्या सर्वांत मठ्ठ मुलासारखे उत्तर देऊन बसले होते. ‘मृत्यूच्या बऱ्याच आधी’ हे शब्द ज्या सराईतपणे माझ्या तोंडी आले, तो सराईतपणा आता कुणाच्या तरी गार बोटासारखा माझ्या मानेवर टेकला होता.

‘बसा ना,’ दंतवैद्यबाई म्हणाल्या. त्या माझ्या निम्म्या वयाच्या असतील. नखे आखूड, केस टोपीत कोंबलेले, आणि वाईट बातमी देताना आवाज खाली आणायचा नाही असे कुणीतरी शिकवलेले. ‘दोन रस्ते आहेत. एक, कवळी. आज माप घेते, पुढच्या आठवड्यात तयार. काढता-घालता येते, कापाकापी नाही. पण ती हिरडीवर बसते, खालच्या हाडावर दाब देते, आणि हाड आणखी खाली जातं. मग ती सैल होते, मग पुन्हा नवी. दुसरा, इम्प्लांट. हाडात दोन स्क्रू. हाडाने ते धरायला काही महिने, मग त्यांच्यावर पक्के दात. हाडाला काम मिळतं, म्हणून ते टिकतं. हे मी तुम्हाला काय सांगणार!’

‘सांगा,’ मी म्हणाले. ‘जिवंत माणसांचं मला फारसं माहीत नाही.’

त्या हसल्या नाहीत. त्यांनी चित्राचा एक उभा काप मोठा केला. हाडाच्या पोटात, खालच्या अंगाला, एक काळे वर्तुळ होते. ते मला ओळखीचे होते. अशा शेकडो जबड्यांतून मी बारीक तार ओवली आहे. ‘ही नसेची नळी,’ त्या म्हणाल्या. ‘ही इथून पुढे जाते, हनुवटीच्या बाजूला बाहेर पडते—’

‘आणि खालच्या ओठात पसरते.’

‘हो. आता अडचण अशी, की नळीच्या वर तुमच्याकडे हाड फार थोडं उरलंय. स्क्रू बसेल, पण काठोकाठ. जरा जरी खाली गेलं, तर ओठाची ही बाजू बधिर होऊ शकते.’

‘किती दिवस?’

‘कधी काही आठवडे.’ त्या थांबल्या, आणि शिकवल्याप्रमाणे आवाज खाली न आणता म्हणाल्या, ‘कधी कायमची. बहुतेकांना होत नाही.’

बहुतेकांना. बहुतेकांत न बसलेल्यांनीच माझी कपाटे भरली आहेत. बहुतेक जे असतात त्यांची माती होते आणि त्यांना कुणी कापसावर ठेवत नाही. ‘आणि थांबले तर?’ मी विचारले.

‘तर वर्षभराने हा प्रश्नच उरणार नाही. स्क्रू धरायला हाडच नसेल. आज दुपारची माझी वेळ रिकामी झालीय. ठरलं तर आजच करू, नाहीतर आजच कवळीचं माप घेऊ. बाहेर बसा, शांतपणे ठरवा. पण मॅडम, एक विनंती आहे. “नंतर बघू” म्हणू नका. दोन वर्षं तुम्ही तेच म्हणताय.’

दाराबाहेरच्या अरुंद मार्गिकेत मी क्षणभर थांबले आणि जिभेने खालचा ओठ आतून चाचपला. डावी बाजू, उजवी बाजू. माणसाला आपला ओठ असा वेगळा काढून बघायची वेळ सहसा येत नाही. माझे बोलणे, पिणे, सगळे त्यावर होतेच. पण माझे कामही त्यावर होते, आणि हे मी कधी कुणाला धड समजावून सांगू शकले नव्हते. जुन्या दाताच्या चावण्याच्या पृष्ठावर बारीक ओरखडे असतात. पिठातून जात्याच्या दगडाची कचकच खाल्ली की वेगळे, नुसती मुळे चघळली की वेगळे. बोटांना ते कळत नाहीत. माझी बोटे तर गोंद आणि स्पिरिट यांनी केव्हाच निबर झालेली. पण दात स्वच्छ करून खालच्या ओठावर टेकवला, डाव्या कोपऱ्यापासून हळू ओढत आणला, की ओठ सांगतो. सूक्ष्मदर्शक नंतर दुजोरा देतो. नव्या संचालकांना ही किळसवाणी गोष्ट वाटते. त्यांनी तळघरात एक सूचना लावली आहे की कोणतीही वस्तू तोंडास लावू नये, आणि ती वाचून पहिल्या दिवशी आलेली मुले आपण नेमके कुठे नोकरी धरली या विचाराने घाबरतात. तर आता सौदा असा होता: चावण्याचे हत्यार हवे असेल तर ओळखण्याचे हत्यार पणाला लावा. आणि ओळखणे राखायचे असेल तर निमूटपणे प्लास्टिकचा एक तुकडा तोंडात बसवून घ्या, रोज काढा, रोज धुवा, आणि खाली आपला जबडा महिन्या-महिन्याला, हाकेला ओ न देता, जमिनीत उतरत चाललेला आहे हे पूर्णपणे माहीत असताना सूप प्या.

बाहेरच्या खोलीत ताई बसली होती. माझी थोरली बहीण, टपाल खात्यातून निवृत्त. आयुष्य खिडकीच्या आत बसून खिडकीच्या बाहेरच्यांना शांत करण्यात गेलेले. तिने शेजारची खुर्ची पिशवीने अडवून ठेवली होती, जणू बाहेर माझ्या जागेसाठी मारामारी चालली होती. खोलीत आम्ही दोघीच होतो. समोरच्या टेबलावर प्लास्टरचा एक आ वासलेला जबडा होता आणि कुणीतरी त्याच्या दातांत चघळून टाकलेली काडी अडकवून ठेवली होती.

‘काय ठरलं, पंडित?’ ताईने विचारले. लहानपणापासून ती मला हेच म्हणते, आणि तिच्या तोंडी तो कधीच गौरव नसतो.

मी सांगितले. नळी, ओठ, वर्षभर, सगळे. जबड्याचे वय चुकल्याचे तेवढे सांगितले नाही.

‘मग विचार कसला करतेस? कवळी घे. मला बघ. रात्री ग्लासात, सकाळी तोंडात. नवऱ्यापेक्षा बरी गं, सांगितलं की बाहेर जाते.’ तिची कवळी वाक्याच्या शेवटी टक् असा बारीक आवाज करते. तिच्या बोलण्याला पूर्णविराम असतो तो असा.

‘आणि सफरचंद?’

‘किसून खाते. काही अडलंय का?’

‘मागच्या वेळी सगळ्यांसमोर हसताना ती बाहेर आली होती.’

‘आली. मग? घातली परत. लोक पण हसले. तुझ्या त्या कपाटातल्या मंडळींनी कुणाला कधी हसवलंय का?’

काचेपलीकडे रस्ता होता. माणसे जात होती आणि मला त्यांचे जबडे दिसत होते. हे मला नेहमीच दिसतात, पण एरवी ते चेहऱ्याच्या आत नीट झाकलेले असतात. आज चेहरे पातळ झाले होते. बसच्या थांब्यावरचा तरुण च्युइंगगम चघळत होता, कानापुढे त्याचा स्नायू फुगत होता, आणि मला तिथली ती खडबडीत जागा दिसत होती जिथे हा स्नायू हाडाला बिलगलेला असतो. ज्याने आयुष्यभर चावले त्याच्या हाडावर ती जागा ठळक असते. मुलीला ओढत नेणारी एक बाई दातओठ खात चालली होती. तिच्या त्या रागाचाही तिच्या जबड्याला उपयोग होता. उपयोग नव्हता तो फक्त माझ्या डाव्या बाजूला. तिथे रागालाही बसायला जागा उरली नव्हती.

‘सगळं चालवून घ्यायचं,’ मी म्हणाले. ‘आपल्या घरात दुसरं काही शिकवलंच नाही कुणी.’

‘चालवून घेतलं म्हणून घर चाललं.’ टक्.

तिचे हे म्हणणे खरे आहे आणि म्हणूनच मला ते सहन होत नाही. आईचे सगळे दात ऐन चाळिशीत एका सकाळी काढले गेले. तेव्हाच्या डॉक्टरांचे मत असे पडले की किडलेले काढायचेच आहेत तर चांगले तरी कशाला ठेवायचे, एकदाच काय ते निस्तरून टाकू. वडिलांना ते पटले. आईला कुणी विचारले नाही, आणि विचारले असते तर ती ‘चालेल’ म्हणाली असती. त्यानंतर मी तिला कधी मोकळे हसताना पाहिले नाही. हसू आले की हात वर जाई, पदरासकट. कवळी ती न्हाणीघराची कडी लावून काढत असे. तिच्या रिकाम्या तोंडाचा चेहरा कसा होता हे वडिलांनाही माहीत नसावे. मग म्हातारपणी ती रुग्णालयात पडली, तिथल्या मोठ्या, उंच छताच्या वॉर्डात, आणि शेवटचे तीन आठवडे मी रविवारी रविवारी उत्खननावरून येऊन भेटत असे. ती ओठ मिटून मान हलवे. अशक्तपणा असेल, आम्ही म्हणालो. ती गेली त्या दिवशी परिचारिकेने माझ्या हातात तिच्या वस्तूंची पिशवी दिली: चष्मा, फणी, कवळी. कवळीकडे मी पाहिले, आणि ती आईची नव्हती. आई डावीकडून चावत असे. ही उजवीकडे झिजलेली होती. चौकशीत निघाले ते इतकेच की सकाळी धुण्यासाठी सगळ्या खाटांवरच्या कवळ्या एकाच टोपल्यात गोळा करत. मी त्या वॉर्डात जो आवाज चढवला तो तिथल्या लोकांना अजून आठवत असेल. चौकशी झाली, दिलगिरी आली, टोपले गेले आणि नावाच्या डब्या आल्या. ही हकिगत मी पुढे जेवणाच्या कितीतरी टेबलांवर सांगितली आहे आणि चांगली सांगते. एक बाई तीन आठवडे परक्या बाईचे दात तोंडात घालून गप्प राहिली, या वाक्यापाशी ऐकणाऱ्याच्या हातातला घास थांबतो.

‘मी आईसारखी गप्प बसणार नाही,’ मी म्हणाले. ‘एवढंच सांगते. परके दात तोंडात आणि—’

‘आईचं काढू नकोस.’

‘का काढू नको? तिला कळलंसुद्धा नसेल की—’

‘कळलं होतं,’ ताई म्हणाली.

तिने मांडीवरच्या थर्मासचे झाकण लावले, पुन्हा उघडले, पुन्हा लावले. तिचा टक् असा आवाज आला नाही; ती तोंड घट्ट मिटून बसली होती.

‘कधी कळलं होतं?’

‘पहिल्याच दिवशी. तोंडात घातल्या घातल्या. आपली चप्पल आणि दुसऱ्याची चप्पल कळत नाही का? मला म्हणाली, हे माझे नाहीत गं. शेजारच्या खाटेवर ती एक होती बघ, जिला काही आठवायचं नाही, तिच्या तोंडात आईचे. वॉर्डातल्या बायका ते काढायला गेल्या तर ती अशी किंचाळायची, कुणी मारतंय असं. आई म्हणाली, राहू दे. तिला असं ओरडताना मला बघवत नाही. मला चालेल हे.’

‘आणि तू?’

‘मी काय करणार? म्हणाली, पंडितला सांगू नकोस, ती आली की खटलाच भरेल.’

‘ती खायची काय, ताई?’

‘दूध. सूप. मी चमच्याने द्यायचे.’

‘दुखायचं?’

ताईने रस्त्याकडे पाहिले. ‘हिरडीला जखम झाली होती. मी मलम लावायचे. लावताना डोळ्यांतून पाणी यायचं, पण हूं नाही की चूं नाही. शेवटपर्यंत नाही.’

तिच्या आवाजात अभिमान होता. तोच मला लागला. इतकी वर्षे मी एका निष्काळजी टोपल्यावर जो संताप खर्च केला, त्याचा पत्ता चुकला होता. आई फसवली गेली नव्हती. तिने समोर ठेवलेल्या दोन गोष्टींतून एक निवडली होती, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कुणी तिला निवड दिली होती, आणि तिने आपल्या हिरडीची जखम निवडली. याला औदार्य म्हणणारे लोक मला माहीत आहेत. ते शोकसभांत बोलतात, त्यांचा आवाज नेमका ‘सोशिक’ या शब्दावर ओला होतो, आणि त्यांचे स्वतःचे दात सहसा उत्तम असतात. वॉर्ड शांत राहिला, परिचारिकांची फेरी वेळेवर झाली, एक म्हातारी किंचाळली नाही, दुसरी खाऊ शकली नाही. सर्वांचे चालले.

‘आपण तिला उपाशी मारलं,’ मी म्हणाले.

‘तोंड सांभाळ.’ ताई इतक्या हळू आवाजात बोलली की मला तिचा वॉर्डातला आवाज कसा असेल ते कळले. ‘मरणार तर ती होतीच. तुला मोजायचं असतं सगळं, कोण कुठल्या बाजूने चावत होतं. तिला एवढंच हवं होतं की आपल्यापायी आरडाओरडा नको. तो तू नंतर केलासच. मी तेव्हा बोलले का काही? चौकशीतसुद्धा गप्प बसले. तू इतकी चिडली होतीस की तुला ते लागत होतं गं, ते चिडणं. म्हटलं, असू दे.’

म्हणजे तिने मलाही चालवून घेतले होते. माझा राग, माझी हकिगत, माझी टेबले. सगळ्याला ती बाजूला बसून ग्लासातल्या पाण्यासारखी शांत साक्षी होती.

मला संग्रहालयातली एक पाटी आठवली. वरच्या दालनात एका स्त्रीचा जबडा ठेवलेला आहे. मुळाशी पू साचून हाडाला आरपार भोक पडलेले, आणि भोकाच्या कडा गोल झालेल्या, म्हणजे त्या दुखण्यासह ती पुष्कळ जगली. माझ्या आधीच्या विभागप्रमुखांनी खाली लिहिले होते: ‘या स्त्रीने ही वेदना वर्षानुवर्षे धीराने सोसली.’ त्यांच्या जागी आल्यावर मी केलेले पहिले काम म्हणजे ती पाटी काढून टाकणे. हाडावर धीराची खूण कुठे असते? ती रोज संध्याकाळी गाव डोक्यावर घेत असेल. घरातल्यांना शिव्या देत असेल. हाडाला आरडाओरडा ठेवता येत नाही म्हणून ती सोशिक ठरली. आणि मेलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्याच बायका याच न्यायाने सोशिक ठरतात. हे मी तेव्हाच्या समितीपुढे इतके तावातावाने मांडले की त्यांनी पाटीसोबत काचही बदलून दिली.

‘ओठ गेला तर?’ ताईने विचारले. ती माझा चेहरा वाचत होती. टपालाच्या खिडकीत ती तेच करत असे. ‘तुझे ते दात-बित कशाला लावशील मग?’

‘माहीत नाही.’

‘पाणी गळेल कोपऱ्यातून. कळणार पण नाही तुला. लोक सांगतील, अहो पुसा.’

‘तू सांगशील.’

‘मी कुठवर?’ ती म्हणाली, आणि मग, माझ्याकडे न बघता, ‘या वयात कशाला गं एवढं? किती वर्षं वापरणार आहेस?’

तिला क्रूर व्हायचे नव्हते. सगळा कुटुंबाचा शहाणपणा त्या प्रश्नात गोळा झाला होता आणि तो माझ्या हिताचा होता. मघाशी पडद्यासमोर मी स्वतःबद्दल हेच म्हटले होते, फक्त अधिक शास्त्रीय भाषेत. मी उठले. निर्णय घेतला असे म्हणवत नाही. मला ताईच्या शेजारी त्या अडवून ठेवलेल्या खुर्चीत आणखी बसवेना, एवढेच. दार ढकलून मी म्हणाले, ‘स्क्रू.’ दंतवैद्यबाईंनी एकदा मान हलवली आणि हात धुवायला वळल्या.

ताई माझी पिशवी घेऊन दारापर्यंत आली, त्यामुळे पुढची सूचना तिनेही ऐकली. ‘नीट ऐका, मॅडम,’ दंतवैद्यबाई म्हणाल्या. ‘मी पूर्ण नस बधिर करणार नाहीये. फक्त वरवर, हिरडीपुरतं इंजेक्शन. हाड एरवी फारसं दुखत नाही. पण मी नळीच्या जवळ आले की तुम्हाला कळेल. ओठात, हनुवटीत काहीतरी. मुंग्या, चटका, काहीही. मापं माझ्याकडे आहेत, पण ती चित्रावरची. तो शेवटचा इशारा फक्त तुम्हालाच मिळतो. तो मिळाला की डावा हात वर. लगेच. दुखायची वाट बघायची नाही.’

‘बरं.’

‘बरं सगळेच म्हणतात. निम्मे सहन करतात. मग सांगतात, वाटलं होतं डॉक्टर, पण म्हटलं तुमचं काम अडायला नको.’

‘ही?’ दारातून ताई म्हणाली. ‘ही दोन्ही हात वर करेल. हिला तक्रारीची जन्मजात हौस.’ टक्. दार लागले.

दिवा खाली आला. इंजेक्शनचे टोचणे, मग हिरडीचे लाकूड होणे. गाल ओढून धरणारा धातूचा आकडा तोंडाच्या कोपऱ्यात बसला आणि कातडी ताणली गेली, इतकी की ती आता फाटेल असे वाटले. ‘लागतंय का?’ दंतवैद्यबाईंनी विचारले. ‘अंहं,’ मी म्हणाले.

ते ‘अंहं’ मी म्हणालेच नव्हते. ते आधीच तिथे होते. प्रश्न आला आणि ते उठून बाहेर गेले. लागत होते. मी डोळे दिव्याकडे लावून पडून राहिले. मी आयुष्यात केलेल्या सगळ्या तक्रारी मला आठवू लागल्या, आणि त्या भरपूर होत्या: विद्यार्थ्यांसाठी, तळघरातल्या ओलीसाठी, आईसाठी, पाटीखालच्या त्या अनोळखी बाईसाठी. त्यांतली एकही माझ्या कातडीविषयी नव्हती. पहिली दाढ ठणकायला लागली तेव्हा मी काय केले? उजवीकडून चावायला लागले. दुसरी हलायला लागली तेव्हा पाव दुधात बुडवायला लागले. दोन वर्षे ‘नंतर बघू’. दुसऱ्यांच्या वतीने ज्याला एवढा कंठ फुटतो त्याला स्वतःपुरती आवाजाची गरज पडत नाही, असे मी धरून चालले होते. न्हाणीघराची कडी माझ्याही दाराला होती. मी फक्त त्यावर पुस्तकांची मांडणी लावली होती.

यंत्र सुरू झाले. आवाज कानातून आला नाही, हाडातून आला, थेट कवटीच्या तळाशी. पाणी सुटत होते, मदतनीस ते ओढून घेत होती. दुखत नव्हते. नुसता थरथराट, आणि मग थांबून काहीतरी मोजणे, आणि मग जाडसर पाते, पुन्हा थरथराट. ‘छान चाललंय,’ दंतवैद्यबाई म्हणाल्या, आणि मला शाळकरी मुलीसारखा आनंद झाला, चांगले वागल्याचा. तो आनंद ओळखताच मला भीती वाटली. मी डावा हात मांडीवरून उचलून खुर्चीच्या कडेवर ठेवला. तो फार जड होता.

आणि मग ओठाच्या खाली, हनुवटीच्या डाव्या अंगाला, कुणीतरी एक बारीक केस ओढावा तसे झाले. संपले. झाले होते का? यंत्र चालू होते. भास असेल. इंजेक्शन उतरत असेल. पुन्हा झाले, केसाहून जरा जाड, कोमट. आता थोडेच राहिले असेल. अर्ध्यावर अडवले तर भोक वाकडे जाईल. त्यांना मापे माहीत आहेत. उगाच हात वर केला आणि काही नसले, तर त्या हसणार नाहीत, पण पुढच्या वेळी विश्वास ठेवणार नाहीत. अजून एकदा झाले तर करू. एवढे काही दुखत नाही. चालेल. कारणे एकामागून एक येत होती, सभ्य, मुद्देसूद, हात जोडून आलेली, आणि त्यांतल्या एकाचाही आवाज माझा नव्हता. मी शुद्ध युक्तिवाद करत होते आणि तो युक्तिवाद डोळ्यांत पाणी आणून ओठ मिटून बसला होता. ओठ आतून चमकला, निळसर, विजेच्या तारेला बोट लागल्यासारखा.

हात वर गेला. मी तो उचलला असेन. मला तो वर गेलेला दिसला, दिव्याच्या प्रकाशात, नखांत गोंद असलेला, आणि घशातून एक आवाज निघाला जो मी याआधी कुणाचाही ऐकला नव्हता. मोठा, कुरूप, तोंड उघडे असल्याने शब्दाचा कसलाच आकार नसलेला. दाराबाहेर खुर्ची सरकली. ‘अगं काय झालं?’ असा ताईचा आवाज आला, आणि मी तरीही थांबले नाही.

यंत्र बंद झाले. दंतवैद्यबाईंनी भोकाची खोली मोजायची सळई आत घातली, चित्र काढले, पडद्याकडे वाकून बराच वेळ पाहिले. ‘बरं केलंत,’ त्या म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर टोपीखालून घाम आला होता. ‘इथेच थांबू. आखूड स्क्रू बसेल.’ मग त्यांनी कापसाचा बोळा माझ्या ओठावरून, कोपऱ्यापासून मध्यापर्यंत, हलकेच फिरवला. ‘कळतंय?’

कळत होते. कापसाचा एक एक तंतू कळत होता.

‘आता दुसरं भोक,’ त्या म्हणाल्या. ‘हात खाली घेतलात तरी चालेल, मॅडम.’

मी घेतला नाही.